गुडघेदुखीची गोळी आणि ज्येष्ठमध

डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज घेऊन पोटात आग पडायला लागली की कुणीतरी ज्येष्ठमध सुचवतंच. त्यात तथ्य आहे. या गोळ्या शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाहीत, त्यामुळे जठराला आतून जपणारा बुळबुळीत थर पातळ होतो. ज्येष्ठमध तो थर वाढायला मदत करतं. त्यातल्याच घटकापासून बनवलेलं कार्बेनॉक्सोलोन एकेकाळी अल्सरवर दिलं जायचं.

पण ज्येष्ठमधाला गोडी देणारं ग्लिसरायझिन अंगात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम घटवतं. आमच्या आईने महिनाभर रोज चमचाभर चूर्ण दुधातून घेतलं. घोट्यावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा, रक्तदाबही चढला. त्यामुळे रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, दिवस गेले असतील तर ज्येष्ठमध नकोच.

गुडघेदुखीची गोळी जेवणानंतर घ्या, पण तेवढ्याने अल्सर टळत नाही. साठीपुढच्यांनी आणि आधी अल्सर झालेल्यांनी पँटोप्राझोलसारखी पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी जोडीला हवी का, हे डॉक्टरांना विचारा. शौचाला डांबरासारखी काळी झाली किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी झाली, तर काढेबिढे बाजूला ठेवून तडक रुग्णालय गाठा.