बिननालेच्या घोड्याच्या खुरांची आणि फ्रॉगची निगा कशी राखावी

खुराच्या तळाशी टाचेकडे रुंद आणि पुढे निमुळता होत जाणारा रबरासारखा त्रिकोणी भाग म्हणजे फ्रॉग. घोडा बिननालेचा असेल तर फ्रॉग थेट जमिनीला लागतो, म्हणून त्याच्याकडे रोज लक्ष द्यायलाच हवं.

पाय उचला आणि हूफ पिकने (खूर साफ करायच्या आकड्याने) टाचेकडून पुढच्या दिशेने माती-शेण काढा. फ्रॉगच्या दोन्ही बाजूंचे चर नीट मोकळे करा. मग फ्रॉगच्या मधली खाच बघा. ही पायरी बहुतेकजण सोडून देतात, आणि दुखणं नेमकं तिथेच लपतं. निरोगी खाच उथळ, पसरट असते. तिथे अरुंद भेग असेल, कापसाची काडी आत खोल जात असेल, काळा स्राव आणि कुजका वास येत असेल, तर तो थ्रश, म्हणजे फ्रॉग कुजवणारा जंतुसंसर्ग. त्याचे जंतू हवा न पोचणाऱ्या जागी फोफावतात.

अशा वेळी भेग पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा. पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीन या जंतुनाशकात भिजवलेली गॉजची पट्टी हलक्या हाताने आत बसवा आणि रोज बदला. फॉर्मेलिन किंवा ब्लीच वापरू नका, त्याने जिवंत पेशी भाजतात. रक्त आलं किंवा घोडा लंगडला, तर पशुवैद्यकांना बोलवा.

औषधाइतकीच चालही महत्त्वाची. टाच दुखते म्हणून घोडा खुराचं टोक आधी टेकवतो, मग फ्रॉगवर भार येत नाही आणि तो आणखी कमजोर होतो. कडक जमिनीवर त्याला चालवून बाजूने मोबाइलवर चित्रण करा आणि ते चित्रण स्लो मोशनमध्ये पाहा: टाच आधी टेकायला हवी. उभं राहायची जागा कोरडी ठेवा आणि घोड्याला रोज भरपूर फिरू द्या.

खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, म्हणून 4 ते 6 आठवड्यांनी जाणकाराकडून तासून घ्या. फ्रॉगचे फक्त सुटलेले, लोंबणारे तुकडे काढायला सांगा. छान दिसावा म्हणून कोरलेला फ्रॉग पातळ होतो आणि घोडा खड्यांवर पाय टाकायला कचरतो. मला तर असा कोरून गुळगुळीत केलेला फ्रॉग पाहवत नाही.

फ्रॉगमध्ये खिळा घुसला असेल तर तो उपटू नका. घोड्याला जागेवरच थांबवून लगेच पशुवैद्यकांना बोलवा. खिळा किती खोल आणि कुठल्या दिशेने गेला आहे, हे तो आत असतानाच एक्स-रेमध्ये कळतं. धनुर्वाताची लस कधी दिली, हेही त्यांना सांगा.