संकल्प सुटतो कुठे? सवय लावताना या चुका टाळा

संक्रांत उलटली की सकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी ओसरते. पाडव्याला पुन्हा थोडी वाढते आणि उन्हं तापली की परत नेहमीचेच चेहरे उरतात. याचा सगळा दोष आळसाला देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते पटत नाही. ज्या बाईचं सकाळचं फिरणं आठवड्यात बंद पडतं, ती वर्षानुवर्षं पहाटे उठून तीन डबे भरत असते. ज्याला व्यायाम जमत नाही तो सहा-वीसची लोकल चुकवत नाही. शिस्त माणसात असतेच, संकल्पच कच्चा बांधलेला असतो. फिरण्याचंच उदाहरण घेऊन तो कुठे कच्चा राहतो ते पाहू.

निकाल ठरवला, काम ठरवलंच नाही

‘यंदा दहा किलो कमी करायचंच’ हे ध्येय झालं. पण उद्या सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे त्यातून कळत नाही. वजन कमी होणं आपल्या हातात पूर्णपणे नसतं. बूट घालून खाली उतरणं असतं. ध्येय डायरीत राहू द्या, पण रोजचं काम वेगळं लिहा: ‘रात्री जेवणानंतर सोसायटीच्या आवारात पंधरा मिनिटं.’

‘सोडणार’ या शब्दावर उभे असलेले संकल्पही असेच अधांतरी राहतात. स्वीडनमधल्या हजारावर लोकांच्या संकल्पांचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. वर्षाअखेरीस ‘अमुक करीन’ म्हणणाऱ्यांपैकी सुमारे ५९ टक्के लोकांनी आपण यशस्वी झाल्याचं सांगितलं, ‘अमुक टाळीन’ म्हणणाऱ्यांपैकी ४७ टक्के लोकांनी. तेव्हा ‘संध्याकाळचं फरसाण बंद’ एवढ्यावर थांबू नका. पाच वाजता भूक लागणारच आहे. त्या वेळी चणे-दाणे खायचे की फळ, ते आधीच ठरवून घरात आणून ठेवा.

‘सकाळी’ म्हणजे कधी?

सर्वांत जास्त संकल्प इथे बुडतात. सकाळी पाणी भरायचं असतं, दूध तापवायचं असतं, मुलांची रिक्षा यायची असते. या धांदलीत ‘सकाळी फिरायला जाईन’ला कोणी जागा देत नाही, ती आधीच राखून ठेवावी लागते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञाने १९९० च्या दशकात दाखवून दिलं, की ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं जर-तरच्या भाषेत ठरवणाऱ्यांच्या हातून ते काम होण्याची शक्यता वाढते. घड्याळापेक्षा आधीच्या कामाला गाठ मारणं सोपं जातं: चहाची भांडी विसळून ठेवली की बूट घालायचे. मुलाला रिक्षात बसवलं की घरी न परतता तसंच पुढे चालायला लागायचं. या दुसऱ्या युक्तीत मोठा फायदा आहे. एकदा घरात शिरलात की वॉशिंग मशीन, फोन, अर्धवट घडी घातलेले कपडे, सगळे हाका मारतात.

तयारीही रात्रीच करा. बूट दाराशी, मोजे बुटात, किल्ली शेजारी. पहाटे अंधारात मोज्याची जोडी शोधताना घरातलं कोणी जागं होतं, कुरकुर करतं आणि तिथेच त्या दिवसाचा निकाल लागतो. पाचचा गजर लावणाऱ्यांनी आपण झोपतो किती वाजता, हेही एकदा बघावं. रात्री बारापर्यंत मोबाइल चालू असेल तर बदलायची वेळ रात्रीची आहे.

पहिल्याच दिवशी दहा हजार पावलं

हा आकडा कुठल्या वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होता. चालणं चांगलंच, पण न चालणाऱ्याने पहिल्या दिवशी एवढं चालून पोटऱ्या धरल्या की चौथा दिवस उजाडत नाही. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. तिथपर्यंत दहा मिनिटांपासून चढत जा. अजिबात वेळ नसलेल्या दिवशीही पाच मिनिटं खाली उतरून या, कारण सुरुवातीला आपण सवय लावतोय, कॅलरी नंतर.

एकवीस दिवसांचा हिशेब

मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनने १९६० साली लिहिलं, की नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात. पुढे त्यातला ‘किमान’ गळाला आणि ‘चेहरा’ही, उरलं ते ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ एवढंच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयी बारा आठवडे तपासल्या. सवय अंगवळणी पडण्याच्या कालावधीचा मधला आकडा आला ६६ दिवस, पण पसारा १८ पासून थेट २५४ दिवसांपर्यंतचा (बारा आठवड्यांपुढचे आकडे गणिताने काढलेला अंदाज). जेवताना पाणी पिण्यासारखी सवय लवकर लागली, व्यायामाची उशिरा. त्यामुळे बाविसाव्या दिवशीही पांघरुणातून निघणं जड जात असेल तर तुमच्यात काही बिघडलेलं नाही.

खाडा पडला की सगळंच सोडणं

लॅलींच्याच अभ्यासात दिसलं, की एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तरी लग्नाला चार दिवस गावी जाऊन आलं की ‘आता मोडलंच’ म्हणून बूट वरच्या कपाटात जातात. दुधाचा खाडा कॅलेंडरवर लिहून आपण दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध घेतोच ना? तसाच हाही लिहा आणि बाजूला कारणही: पाहुणे, ताप, जागरण. महिन्याअखेरीस एकच कारण वारंवार दिसलं, तर वेळ चुकीची निवडली आहे. दर सोमवारी खाडा पडत असेल तर सोमवार सरळ सुट्टीचा ठेवा. नियम एकच पाळा, सलग दुसरा खाडा पाडायचा नाही. ताप मात्र याला अपवाद.

वर्षभराचा विडा उचलणं

जुन्या बायका चातुर्मासाचा नेम धरत, त्याची बांधणी पक्की असे. गोष्ट एकच, लहानशी. आषाढी एकादशीला सुरू, कार्तिकीला समाप्ती. ‘आयुष्यभर’ असा धाक नाही. फिरण्यालाही अशीच मुदत द्या: आठ आठवडे, मग कॅलेंडर समोर ठेवून पुढचं ठरवायचं. सोबत वाचन, बचत, ध्यान असं सगळं एकदम हाती घेऊ नका. वर्षाची जिमची फी एकरकमी भरणं हीदेखील मुदतीची उलटी बाजू, महिन्याची भरून बघा.

मुदत ठरवताना हवामान पाहा. पाडव्याला धरलेला नेम विदर्भात उन्हाळ्यात अडतो आणि कोकणात जूनमध्ये. मे संपण्याआधीच पावसाळ्याची जागा शोधून ठेवा: बिल्डिंगखालचं पार्किंग, गच्चीवरची शेड, जिना. गुडघे दुखत असतील तर जिना सोडा, पार्किंगमध्येच फेऱ्या मारा. वेळ मात्र तीच ठेवा, चहाची भांडी विसळल्यानंतरची.