‘का’ तुम्ही घरूनच आणलाय

टोकियोतल्या आमच्या निशी-कासाईत नवीन बिऱ्हाड आलं की आठवड्याभरात कोणीतरी मला प्रश्नाच्या शब्दांचा तो तक्ता दाखवतंच. डावीकडे जपानी, उजवीकडे इंग्रजी. नानि म्हणजे व्हॉट, दारे म्हणजे हू, दोको म्हणजे व्हेअर, इत्सु म्हणजे व्हेन. पाठ करा, चांगलंच आहे. फक्त उजवा रकाना खोडून तिथे काय, कोण, कुठे, केव्हा लिहा. मी २००४ साली आले तेव्हा हे मला कोणी सांगितलं नाही. वर्षभर मी मराठीत सुचलेला प्रश्न इंग्रजीत उलटा करायचे आणि मग जपानीत पुन्हा सुलटा करायचे.

इंग्रजीत ‘व्हेअर’ उचलून पुढे आणावा लागतो. जपानीत कोणी जागचं हलत नाही. ‘एकी वा दोको देस का?’ म्हणजे ‘स्टेशन कुठे आहे?’ शब्द त्याच रांगेत, आणि शेवटी ‘का’. ‘येता का?’मधला ‘का’ असतो ना, तसाच. फरक इतकाच की नीट, आदबीने बोलताना ‘कुठे’ असला तरी ते मागे ‘का’ लावतात. आणि समोरचा सूर खाली आणत ‘सोऽ देस का’ म्हणाला तर उत्तर द्यायला धावू नका. ते आपलं ‘असं का!’ आहे. तो ऐकतोय, विचारत नाहीये.

तुमचा पहिला उपयोगी प्रश्न या ‘का’वरच भागेल. ओतेमाची स्टेशनहून मेट्रोच्या तोझाई लाइनने घरी येताना काइसोकु, म्हणजे जलद गाडी आली तर ती तोयोचो सोडल्यावर थेट उरायासुला थांबते. निशी-कासाई खिडकीतून जाताना दिसतं आणि तुम्ही नदी ओलांडून शेजारच्या चिबा प्रांतात! चढण्याआधी विचारा, ‘निशी-कासाई नि तोमारिमास का?’ निशी-कासाईला थांबते का? उत्तराच्या शेवटी नकाराचं ‘मासेन’ ऐकू आलं की मागे व्हा.

आता तक्त्यात नसलेली गंमत. आपण कुठे, कुठून, कुठपर्यंत म्हणतो. ते दोको, दोको कारा, दोको मादे म्हणतात. कोण, कोणाचं, कोणाबरोबर हे दारे, दारे नो, दारे तो. प्रत्यय मागेच लागतात, आपल्यासारखे. दुकानात ‘नान नो निकु देस का?’ म्हणजे ‘कशाचं मांस आहे?’ (शाकाहारी असाल तर एवढ्यावर थांबू नका, दाशी घातलीय का तेही विचारा. तो रस्सा बहुतेकदा माशाचा असतो, आणि दुकानदाराच्या लेखी तो ‘मांस’ नसतो.) मागे लागणारे ‘तरी’, ‘ही’ आणि ‘च’सुद्धा जुळतात. दारेका कोणीतरी, दारेदेमो कोणीही, आणि दारेमो पुढे नकार घेऊन आला की कोणीच नाही. इंग्रजीत समवन, एनीवन, नोवन असे तीन वेगळे शब्द घोकण्यापेक्षा हे किती सोपं!

पण एका ठिकाणी मराठीच पाय अडकवते. आपले सगळे प्रश्न ‘क’ने सुरू होतात, त्यामुळे ‘को’ ऐकलं की कान टवकारतात. जपानीत ‘को’ म्हणजे जवळचं. कोको इथे, कोरे हे. प्रश्न ‘दो’चा, दोको (कुठे), दोरे (कोणतं), दोनो (कोणता), दोन्ना (कसला). मधे ‘सो’ आणि ‘आ’. सोको म्हणजे ऐकणाऱ्याजवळ, आसोको म्हणजे दोघांपासूनही लांब. पहिले दोन महिने मी ‘कोको देस का?’ विचारत फिरले आणि लोक बिचारे ‘हाइ, कोको देस’ म्हणून पायाखालची जमीन दाखवत राहिले.

किती याला एक शब्द नाही. किमतीला इकुरा, नगांना इकुत्सु. माणसं मोजायला नान्-निन्, म्हणजे कितीजण, हॉटेलच्या दारात नान्-मेइ-सामा. कागद, ताट असल्या चपट्या वस्तूंना नान्-माइ, बाटली-छत्रीला नान्-बोन. हे यथावकाश येईल. अडलं तर इकुत्सु म्हणा, बरंच निभावतं.

इकुरावरून आठवलं. पहिल्या हिवाळ्यात तापाने फणफणून दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी विचारलं, ‘इत्सु कारा देस का?’ मी ऐकलं ‘इकुरा’. पैशांचं विचारतात वाटून पर्स उघडून दहा हजार येनची नोट पुढे केली. त्यांनी नोट पाहिली, मला पाहिलं, भिंतीवरच्या कॅलेंडरशी गेले आणि एकेक तारखेवर बोट ठेवत पुन्हा हळूच म्हणाले, ‘इत्सु... कारा?’ केव्हापासून. दवाखान्यात ‘दोऽ शिमाशिता का’, काय झालं, आणि हे ‘इत्सु कारा’ ठरलेलं असतं. उत्तरं घरून तयार करून जा. आणीबाणीचा ११९ नंबर लावला तर पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘काजि देस का, क्यूक्यू देस का?’ आग की रुग्णवाहिका. तिथे वाक्य जुळवू नका, ‘क्यूक्यू देस’ एवढंच म्हणा आणि पत्ता सांगा. पत्ता जपानीत लिहून फोनजवळ चिकटवून ठेवा, आजच.

‘का’, म्हणजे ‘कशासाठी’, या अर्थाचं नाझे ऑफिसात जपून वापरा. मराठीतही पाहुण्याला कोणी ‘का आलात?’ विचारत नाही. मित्रांत नान्दे चालतं, आणि तो शब्द मोठा मजेशीर, ‘कशाने’ आणि ‘का’ दोन्ही त्यातच. वरिष्ठांपुढे मी प्रश्न अर्धा सोडून देते. अर्धा प्रश्न इथे आदबीचा. नाव विचारताना ‘ओनामाए वा?’ बास. ‘आपलं नाव?’ असंच आपणही म्हणतो की.

दोकोचं आदबीचं रूप दोचिरा. शेजारच्या आजींनी जिन्यात ‘दोचिरा ए?’ विचारलं की नवीन माणूस थांबून सगळा कार्यक्रम सांगत बसतो, आधी वॉर्ड ऑफिस, मग बँक, मग कांदे. आपल्याकडे निघणाऱ्याला ‘कुठे’ विचारून टोकू नये म्हणतात, इथे ते टोकणं नाही, नुसती विचारपूस आहे. ‘च्योत्तो सोको मादे’ म्हणा, जरा तिथवर. आजी मान लववतात आणि आपल्या कुंड्यांना पाणी घालायला लागतात.