ड्रम कोअरचं तिकीट: किती द्यावं आणि कुठलं घ्यावं

इंडियानात नव्याने आलेल्या मराठी घरांत पहिल्या-दुसऱ्या उन्हाळ्यात हा विषय हमखास निघतो. मुलगा किंवा मुलगी शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये जायला लागते, बँडमधली मोठी मुलं सारखी 'डीसीआय, डीसीआय' करत असतात (डीसीआय म्हणजे ड्रम कोअर नावाच्या वाद्यपथकांच्या स्पर्धा भरवणारी संस्था), आणि एक दिवस घरात तिकिटांची मागणी येते. आईबाबा चार तिकिटांची बेरीज करतात, त्या आकड्याला रुपयांनी गुणतात आणि गप्प होतात. ढोल-ताशे ऐकायला एवढे पैसे?

हा प्रश्न आपल्याला पडणं साहजिक आहे. लक्ष्मी रोडला उभं राहून पथक ऐकायला कोणी कधी तिकीट काढलेलं नाही. पथकं पावसाळाभर नदीपात्रात सराव करतात, मंडळांकडून सुपारी मिळते, बाकीचं सभासद खिशातून घालतात, आणि ऐकणारा रस्त्यावर फुकट ऐकतो. इथे तसं का नाही, हे कळलं की तिकीट वाजवी आहे की नाही हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. माझं मत आधीच सांगतो. गावोगावच्या शोचं तिकीट वाजवी आहे, खरं तर स्वस्तच आहे. ऑगस्टमधल्या अंतिम फेरीच्या मधल्या जागा चौघांच्या कुटुंबाला महाग पडतात, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याने त्या घेऊ नयेत.

आधी हे काय आहे ते थोडक्यात. ड्रम कोअर म्हणजे फक्त पितळी वाद्यं, तालवाद्यं आणि कलर गार्ड, म्हणजे झेंडे फिरवत नाचणारी मुलं. क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन नाहीत. वाजवणारी मुलं जास्तीत जास्त एकवीस-बावीस वर्षांची, एकेका मोठ्या कोअरमध्ये दीडशेच्या वर. फुटबॉलच्या मैदानावर साधारण बारा मिनिटांचा एक शो, तोही सतत हलत, धावत, आकृत्या बदलत. उन्हाळाभर तोच शो रोज घासूनपुसून अमेरिकाभर सादर करायचा आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात जागतिक अजिंक्यपद. ते २००९ पासून आपल्या इंडियानापोलिसच्या ल्युकस ऑइल स्टेडियममध्ये होत आलं आहे. गुण शंभरापैकी, दशांश चिन्हानंतर तीन आकड्यांपर्यंत.

आता पैशाकडे वळू. ही सगळी व्यवस्था उभी राहिली तीच तिकिटाच्या पैशावरून. पूर्वी हे कोअर माजी सैनिकांच्या संघटना, चर्च आणि गावातल्या मंडळींच्या आधाराने चालत. स्पर्धा भरवायच्या त्या व्हीएफडब्ल्यू आणि अमेरिकन लीजनसारख्या माजी सैनिकांच्या संघटनांनी, नियमही त्यांचेच. कोअरच्या हाती मात्र फार थोडं पडायचं. १९७१ मध्ये ट्रूपर्स, कॅव्हेलियर्स, ब्लू स्टार्स, मॅडिसन स्काउट्स आणि सांता क्लारा व्हॅनगार्ड या पाच कोअरनी एकजूट केली आणि आयोजकांना सांगितलं, आम्ही येऊ तर एकत्र येऊ आणि मानधन ठरवून येऊ. त्यातून ड्रम कोअर्स इंटरनॅशनल, म्हणजे डीसीआय, उभी राहिली. पहिलं अजिंक्यपद १९७२ मध्ये विस्कॉन्सिनच्या व्हाइटवॉटर गावात झालं आणि ॲनाहाइम किंग्समेनने ते जिंकलं. ही ना-नफा संस्था आहे आणि कोअरही ना-नफा आहेत. म्हणजे तुमचं तिकीट कुणा मालकाच्या नफ्यात जात नाही. पैसा वाटायचा कसा यावरून भांडणं मात्र झालेली आहेत. २०१० मध्ये सात बड्या कोअरनी आपला वाटा वाढवून मागितला होता आणि तेव्हा बरंच वादळ उठलं होतं.

वाजवणाऱ्या मुलांना एक पैसा मिळत नाही. उलट एका उन्हाळ्यासाठी प्रत्येक जण काही हजार डॉलर फी भरतो, बड्या कोअरमध्ये पाच हजारांच्या आसपास किंवा त्याहून जास्त. त्या बदल्यात शाळांच्या जिमच्या फरशीवर गादी टाकून झोपायचं, रात्री बसमध्ये, दिवसभर उन्हात सराव. दिवसाला चार जेवणं लागतात, ती ट्रेलरमध्ये बसवलेल्या फिरत्या स्वयंपाकघरात शिजतात आणि बहुतेक ठिकाणी पालक-स्वयंसेवकच वाढतात. मी एका कोअरच्या अशा ट्रेलरवर मदतीला गेलो होतो. सकाळी अंड्यांचे क्रेटच्या क्रेट फोडायचे, ते संपेपर्यंत दुपारच्या सँडविचसाठी पावांची रांग मांडायची. मुलं घामाने निथळत येतात, ताट घेऊन गवतावर बसतात, ठरलेल्या मिनिटाला उठतात. एवढी माणसं, बसगाड्या, वाद्यांचे आणि प्रॉप्सचे ट्रक, डिझेल, शिक्षक, मुक्कामाच्या शाळांचं भाडं हे सगळं तिकिटातून निघत नाही. फी, देणग्या आणि काही कोअरच्या बाबतीत वर्षानुवर्षं चालवलेले बिंगोचे खेळ यांवर गाडा चालतो. तरी कमी पडतं. सांता क्लारा व्हॅनगार्डसारखं नावाजलेलं कोअर पैशाच्या अडचणीमुळे २०२३ च्या उन्हाळ्यात मैदानात उतरलंच नाही, २०२४ ला परतलं. १९३४ पासून चाललेलं कॅडेट्स २०२४ मध्ये बंद झालं. सत्तरच्या दशकात देशभर शेकड्यांनी कोअर होते, आता काही डझन उरले आहेत.

म्हणून तिकीट महाग म्हणण्याआधी ते कुठल्या शोचं आहे ते बघा. जूनअखेरपासून ऑगस्टपर्यंत देशभर शाळा-कॉलेजांच्या स्टेडियमवर शो होत असतात. तिथे साधारण पंचवीस ते पन्नास डॉलरमध्ये बसता येतं आणि एका संध्याकाळी सहा-आठ कोअर दिसतात. म्हणजे सव्वा-दीड तास निव्वळ वाजवणं आणि मधली मैदान बदलण्याची वेळ वेगळी. भारतातून आलेल्या गायक-नटांच्या कार्यक्रमाला आपण इथे किती मोजतो ते आठवा, एनएफएलच्या एका सामन्याचं तिकीट बघा, मग बोला. आपल्या भागात काही वर्षी जूनमध्ये मन्सीला, बॉल स्टेटच्या स्टेडियमवर शो असतो. यंदा आहे का ते डीसीआयच्या वेळापत्रकात पाहून घ्या. इंडियानापोलिसहून तासाभराचा रस्ता, पार्किंगचा त्रास नाही, रात्री घरी परत. पहिल्यांदा जाणाऱ्यासाठी माझी शिफारस अशाच शोची.

त्याच्या वरची पायरी म्हणजे जुलैतले आणि ऑगस्टच्या सुरुवातीचे मोठे प्रादेशिक शो: टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओचा अलामोडोम, अटलांटाचं मर्सिडीज-बेंझ स्टेडियम, पेनसिल्व्हेनियातलं ॲलनटाउन. तिथे एकाच दिवसात किंवा दोन रात्रींत बहुतेक सगळे बडे कोअर येतात. त्या शहरांत तुमचे नातेवाईक असतील तर सुट्टीचा बेत त्याला जोडून आखा. नुसत्या शोसाठी विमान आणि हॉटेल केलंत तर तिकिटाची किंमत गौण ठरते.

आणि मग ऑगस्टचा आठवडा. गुरुवारी प्राथमिक फेरी, शुक्रवारी उपांत्य, शनिवारी अंतिम. शनिवारी फक्त पहिले बारा कोअर वाजवतात आणि त्याच दिवसाचं तिकीट सगळ्यांत महाग. मधल्या चांगल्या जागा माणशी शंभर डॉलरच्या सहज वर जातात. चौघं गेलात, पार्किंग आणि स्टेडियममधलं खाणं धरलंत, की आकडा खरंच डोळ्यांवर येतो. त्यात ऑनलाइन खरेदीत शेवटच्या पानावर उगवणारी सर्व्हिस फी. तिचा मला मनापासून राग आहे, कारण तो पैसा मैदानावरच्या मुलांच्या जेवणात जात नाही. आणि आणखी एक गोष्ट मला खटकते. स्वतःच्या मुलाची फी भरणारे, उन्हाळाभर ट्रेलरमध्ये वाढप करणारे पालकसुद्धा शनिवारी तिकीट काढूनच बसतात. त्यांच्यासाठी तरी काही सवलत असायला हवी, असं मी भेटेल त्या आयोजकाला सांगत असतो.

माझा सल्ला: गुरुवार किंवा शुक्रवार घ्या. गुरुवारी सकाळपासून रात्रीपर्यंत लहानमोठे सगळेच कोअर येतात, तिकीट त्या मानाने कमी, आणि मध्ये बाहेर जाऊन ताजंतवानं होऊन परत आत येता येईल का ते स्टेडियमच्या नियमांत आधी बघून ठेवा. शुक्रवारी पंचवीस कोअर. शनिवारच्या बारांपैकी एकही शो असा नसतो जो तुम्हाला शुक्रवारी दिसत नाही. शनिवारी फक्त निकालाची धाकधूक जास्त. आणि काही वर्षी गुरुवारची फेरी सिनेमागृहांतही थेट दाखवतात, ती माहिती जुलैत काढून ठेवा.

जागा निवडताना आपली नाट्यगृहाची सवय इथे पूर्ण सोडून द्यायची. बालगंधर्वला पहिल्या रांगेसाठी आपण धडपडतो. इथे पहिली रांग घेतलीत तर समोर मारिंबा, व्हायब्राफोन अशी मोठी पट्ट्यांची तालवाद्यं आणि स्पीकरची भिंत दिसेल आणि मागे मैदानावर उलगडणारी आकृती कळणारच नाही. वर बसा. मैदानाच्या दोन्ही पस्तीस यार्डांच्या रेषांमध्ये, शक्य तितक्या मध्यावर, आणि शाळेच्या स्टेडियममध्ये तर अगदी वरच्या रांगांपर्यंत. कोपऱ्यातल्या जागा स्वस्त असतात, पण आकृत्या मध्यावरून बघण्यासाठी आखलेल्या असतात, त्यामुळे बाजूने त्या मोडक्या दिसतात. पैसे वाचवायचे तर बाजूला सरकू नका, वर सरका. ल्युकस ऑइलमध्ये फार वर गेलं की छताखाली आवाज घुमतो आणि स्नेअर या कडकडीत आवाजाच्या ड्रमचे बोल एकमेकांवर चढतात. तिथे मधला मजला हा चांगला मेळ. मैदानाच्या मागच्या बाजूची जागा कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कारण मुलं तुमच्याकडे पाठ करून वाजवत असतील.

आता फुकट मिळणाऱ्या गोष्टीबद्दल, कारण ती तिकिटाइतकीच मोलाची आहे. आपापला शो सादर करण्याआधी तास-दीड तास प्रत्येक कोअरचे वादक पार्किंगच्या मोकळ्या जागेत किंवा जवळच्या गवतावर वॉर्म-अप करतात. इथले लोक त्याला नुसतं 'लॉट' म्हणतात. तिकीट लागत नाही, बऱ्याचदा अगदी जवळून ऐकता येतं. बास ड्रमवाल्यांसमोर जाऊन उभे राहा. पाच जण, लहान ते मोठ्या आकाराचे पाच ड्रम, प्रत्येकाचा सूर वेगळा, आणि एका धावत्या बोलातला एकेक ठोका एकेकाच्या वाट्याला. तबल्याचा एखादा कायदा पाच जणांनी अक्षर-अक्षर वाटून घ्यावा आणि तरी तो एकाच हातातून निघाल्यासारखा वाटावा, तसं ते ऐकू येतं. मध्ये शिक्षक एका छोट्या यंत्रावर ठेका लावून उभा असतो, एखादा ठोका केसभर मागे पडला की थांबवतो, एक शब्द बोलतो, पुन्हा सुरू. ज्यांना पथकात वाजवायची सवय आहे त्यांचे पाय इथून हलत नाहीत, हे मी बघितलंय. तेवढं एक सांभाळा: वादक आणि शिक्षक यांच्या मध्ये जाऊ नका, मुलं वाजवत असताना त्यांच्याशी बोलू नका, आणि ते चालायला लागले की वाट सोडा.

सरावसुद्धा बऱ्याचदा उघड्यावर असतो. कोअर तुमच्या गावातल्या हायस्कूलमध्ये मुक्कामाला असेल, तर संध्याकाळी पूर्ण शोची रंगीत तालीम होते आणि पालक, शेजारीपाजारी खुर्च्या घेऊन बघायला येतात. चांगल्या बँडची परंपरा असलेल्या कार्मेल, एव्हनसारख्या शाळांच्या परिसरात राहत असाल, तर बँडच्या पालकांना विचारा, त्यांना कोण कुठे उतरलंय ते माहीत असतं. आत जायच्या आधी कोअरच्या माणसाला विचारा, आणि जमलं तर त्यांच्या टेबलावरून एखादा टी-शर्ट घ्या. तो पैसा थेट त्यांच्याकडे जातो.

लहान मुलं असतील तर कानांवर लावायचे मोठे हेडफोनसारखे संरक्षक घ्याच. ब्रासचा पूर्ण भरात आलेला आवाज लहानग्यांच्या कानांना झेपत नाही. शाळांच्या स्टेडियमवर ॲल्युमिनियमचे बाक असतात. सूर्य मावळेपर्यंत ते तापतात आणि नंतर गार पडतात, म्हणून बसायला उशी न्या. मच्छरांचं औषध आणि साधा रेनकोटही पिशवीत असू दे, छत्री उघडलीत तर मागचे ओरडतील. ल्युकस ऑइलसारख्या एनएफएलच्या स्टेडियममध्ये पारदर्शक पिशवीच चालते. पावसाने शो रद्द झाला तर पैसे परत मिळतील असं धरून चालू नका, तिकिटावरच्या अटी आधी वाचा. आणि तिकीट अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. पुनर्विक्रीवाल्यांकडे शनिवारच्या जागा कितीतरी चढ्या भावाने दिसतात, तेव्हा अधिकृत ठिकाणी अनेकदा बऱ्या जागा शिल्लक असतात.

कार्यक्रमाला वेळेवर जा. गुणांच्या क्रमाने खालचे कोअर आधी वाजवतात, म्हणून काही लोक मुद्दाम मध्यंतरानंतर येतात. तसं करू नका. लहान कोअरमधली पंधरा-सोळा वर्षांची मुलं पूर्ण जीव ओतून वाजवतात, आणि तिकिटाचे तेवढेच पैसे तुम्ही त्यांच्यासाठीही दिलेले असतात. शो चालू असताना मोठ्याने दाद दिली तर चालते, उलट ती अपेक्षितच असते. एखादी कठीण जागा साधली की टाळ्या वाजवा, शेवटी उभे राहा.

आमच्या ओळखीतली काही कुटुंबं दर ऑगस्टला शुक्रवारी एकत्र जातात. मोठ्या गटाला तिकिटात सवलत मिळते का ते विचारून आम्ही जूनमध्येच जागा धरतो, गाड्या वाटून घेतो आणि पार्किंगचा खर्च विभागतो. दुपारी लॉटमध्ये, संध्याकाळी आत. यायचं असेल तर मे संपायच्या आत कळवा, म्हणजे सलग जागा मिळतील. मुलांना आधी लॉटमध्ये न्यायचं असेल तर दुपारी ऑफिसातून लवकर निघावं लागेल, तेवढी रजा आत्ताच टाकून ठेवा.