स्वतःची शैली हवी? आधी गाणी कमी करा

हजारो गाणी जवळ असली की नव्या डीजेचा सेट कुणाचाही वाटतो. महिनाभर फक्त ३० गाणी वापरा, निम्मी तरी चार्टबाहेरची. प्रत्येकात क्यू पॉइंट (थेट उडी मारता यावी म्हणून गाण्यातल्या जागेवर केलेली खूण) लावा: पहिला ठोका, गायनाची सुरुवात, ड्रॉप (ठेका पूर्ण जोरात येतो ती जागा), शेवटचा वाद्यांचा भाग. हाऊस-टेक्नो या इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीतात बहुतेकदा दर ३२ ठोक्यांनी वळण येतं. नवं गाणं तिथेच सुरू करा आणि बासची (खर्जातल्या आवाजाची) अदलाबदलही तिथेच करा: जुन्याचा कमी, नव्याचा वाढवा. दोन्ही बास एकत्र राहिले की आवाज गढूळ होतो.

खरं वेगळेपण जोड्यांत सापडतं. उदाहरणार्थ, सहा मात्रांच्या ठेक्यातलं कोळीगीत आणि हाऊस. इथे सॉफ्टवेअर फसतं, बीपीएम (मिनिटातले ठोके) कधी दीडपट दाखवतं. पाय ज्या ठोक्यावर पडतो तोच टॅप करून बीपीएम ठरवा, ग्रिड (सॉफ्टवेअरने आखलेल्या ठोक्यांच्या रेषा) दुरुस्त करा, मगच सिंक (दोन गाण्यांचे ठोके आपोआप जुळवणं). टेम्पो ८-१० टक्क्यांपलीकडे ओढू नका, की-लॉक (वेग बदलला तरी सूर तोच ठेवणारी सोय) असूनही गळा यंत्रासारखा वाटू लागतो (कधीकधी तेच हवं असतं म्हणा!).

सराव रेकॉर्ड करा, पण लगेच नको, दुसऱ्या दिवशी ऐका. जी जोडी तेव्हाही आवडली ती वहीत टिपा, बीपीएम आणि मिनिट-सेकंदासकट.