ट्रेनरवर बसण्याआधी एकदा खालच्या मजल्यावर जाऊन या

गेल्या पावसाळ्यात आठवडाभर रोज पहाटे साडेपाचला ट्रेनरवर (घरातच जागच्या जागी सायकल चालवायच्या स्टँडवर) बसत होतो आणि स्वतःवर भलताच खूश होतो. मग एक दिवस लिफ्टमध्ये खालच्या काकू भेटल्या. म्हणाल्या, "घरघंटी घेतलीत का हो? भल्या पहाटे दळण काढता!" मी कानात इअरफोन घालून बसायचो, त्यामुळे मला कसला आवाज येतोय!

पुणे-गोवा 'डेक्कन क्लिफहँगर' या सायकल शर्यतीचे ६४३ किलोमीटर नोव्हेंबरात मारायचे असतील, तर जुलै-ऑगस्टमध्ये घरात बसून पाय चालवण्याला पर्याय नाही. फक्त फ्लॅटमध्ये ट्रेनर लावायच्या आधी थोडी तयारी करा. आणि काहीही विकत घेण्याआधी घरातल्या कुणाला तरी सायकलवर बसवून स्वतः खाली जा. त्यांच्या बेडरूममध्ये दोन मिनिटं गप्प उभे राहा. दोन वेगळे आवाज येतील. एक 'घूंऽऽ' असा, टायर आणि त्याला घासणाऱ्या ट्रेनरच्या रोलरचा. तो हवेतून, खिडक्यांतून, डक्टमधून येतो. दुसरा 'धप धप' असा, आणि खरा त्रास त्याचाच. ९० च्या केडन्सला (मिनिटाला पेडलचे ९० फेरे) दोन्ही पाय धरून मिनिटाला १८० वेळा पेडल दाबलं जातं, म्हणजे सेकंदाला तीनदा. तो दाब फ्रेममधून ट्रेनरच्या पायांत आणि तिथून सरळ स्लॅबमध्ये उतरतो. त्याला खिडकी लावून काही उपयोग नाही.

रोज रोज खाली जाणं बरं दिसत नाही, म्हणून एक घरगुती मीटर: स्टीलची वाटी काठोकाठ पाण्यानं भरा आणि ट्रेनरच्या पायापासून वीतभर अंतरावर जमिनीवर ठेवा. ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाण्यात दिसेल असं बघा. पेडल मारलं की ते प्रतिबिंब थरथरतं. पुढचा प्रत्येक उपाय करून झाला की पुन्हा वाटीकडे बघायचं. थरथर किती कमी झाली ते डोळ्यांना दिसतं.

आता जागा. खोलीच्या मधोमध ट्रेनर लावू नका. स्लॅब तिथेच सगळ्यात जास्त लवतो. कोपरा धरा, कॉलमजवळचा किंवा बीमवरचा. बाल्कनी टाळा, बाहेर काढलेला स्लॅब आणखी हलतो. सोसायटीत तुमच्या बेडरूमखाली बहुतेक त्यांचीही बेडरूमच असते, तेव्हा हॉल बरा. जागा ठरली की नाण्यानं टाइल्स वाजवून बघा. एखादी पोकळ वाजली तर तिच्यावर पाय येऊ देऊ नका, ती ढोलकीचं काम करते. ट्रेनर किंवा हँडल भिंतीला, कपाटाला टेकतंय का तेही बघा.

मग बैठक. योगा मॅटनं घाम टाइलवर पडत नाही, याउपर तिचा फारसा उपयोग नाही. मी दोन एकावर एक टाकूनही वाटी तशीच थरथरत होती. वर जड आणि खाली मऊ, असा थर लागतो. १९ एमएमची प्लाय घ्या आणि तिच्याखाली जिममध्ये टाकतात तसलं जाड रबर. पुण्यात असाल तर बोहरी आळीत एक चक्कर मारा. फार मऊ स्पंज घेतलात तर ट्रेनर डुलतो आणि गुडघे बोलायला लागतात. एवढ्यानं भागलं नाही तर दोन प्लायच्या मध्ये टेनिस बॉल. खालच्या प्लायला बॉलपेक्षा लहान, साधारण ५० एमएमची भोकं पाडून घ्या, म्हणजे बॉल बसतात, घरंगळत नाहीत. ट्रेनरच्या पायांखाली जास्त बॉल, पुढच्या चाकाखाली कमी. गल्लीतल्या क्रिकेटचे मऊ पडलेले बॉल नकोत. उंची वाढते, तेव्हा उतरताना जपून.

सायकलीचं काम सोपं आहे, पण लोक तेच विसरतात. चेन पुसून तेल घाला, गिअर नीट बसतात का बघा, बाटलीच्या पिंजऱ्याचे स्क्रू आवळा. मागच्या चाकावर चालणारा ट्रेनर असेल तर खाचांचा टायर काढून गुळगुळीत चढवा आणि हवा दर वेळी सारखीच भरा. पंख्याच्या पात्यांवर रेझिस्टन्स देणारा जुना ट्रेनर असेल तर विकून टाका. तो मुळात पंखाच आहे. डायरेक्ट ड्राइव्ह (मागचं चाक काढून चेन थेट ज्याच्यावर बसते तो ट्रेनर) घेतलात तर 'घूं' जाईल, 'धप धप' मात्र राहील. म्हणजे प्लाय-रबर चुकत नाही.

फुकटातला उपाय म्हणजे गिअर. चाक जितकं हळू फिरेल तितका आवाज कमी. स्मार्ट ट्रेनर अर्ग मोडवर (ठरवलेले वॉट्स तो स्वतःच रेझिस्टन्स बदलून राखतो) असेल तर पुढे लहान चेनरिंग (पेडलजवळचं दातेरी चक्र) ठेवा. वॉट्स तेवढेच पडतात, ट्रेनरचं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, मात्र हळू फिरतं. क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट सायकलीशी येऊनच घाला. टाइलवरची ती टकटक खाली चांगली ऐकू जाते.

वेळेचं सांगायचं तर, २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. म्हणजे माझी साडेपाचची वेळ सरकारी हिशेबानंही रात्रच होती. आता सातला बसतो. स्प्रिंट संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्या आणि मालिका सगळीकडे जोरात चालू असतात तेव्हा.

प्लाय-रबर झाल्यावर पुन्हा काकूंकडे गेलो, मुलाला वर सायकलवर बसवून. त्या जरा वेळ छताकडे बघत राहिल्या. "दळण थांबलं," म्हणाल्या, "पण मंगळवारी संध्याकाळी नको हं, आमचं भजन असतं." मंगळवार माझा विश्रांतीचा दिवस झाला.