कामाचे पैसे सांगताना या चुका टाळा

फोनवर कोणी ‘किती घेता?’ विचारलं की लगेच आकडा सांगून मोकळं व्हायचं, ही सवय आधी सोडा. ठाण्यात नव्याने डिझाइनचं काम सुरू केलेली मुलं-मुली माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांची तक्रार इथूनच सुरू झालेली असते. पानं किती, मजकूर कोण देणार, काहीच न विचारता आकडा तोंडातून गेलेला असतो. आणि एकदा सांगितलेला आकडा खाली येतो, वर जात नाही.

कळव्याच्या एका मुलाला रबाळ्याच्या एमआयडीसीतून फोन आला, ‘कॅटलॉगचं किती घेशील?’ यानं रिक्षात बसल्या बसल्या आठ हजार सांगितले. त्याच्या डोक्यात आठ पानं होती, निघाली चाळीस. मालाचे फोटो मोबाइलवर काढलेले, एकेकाचं बॅकग्राउंड कापायचं. मजकूर चुकांनी भरलेला. मालक म्हणायचे, ‘घरचंच काम समज, पुढे वर्षभराचं तुलाच देतो.’ ट्रान्स-हार्बरने ठाणे-रबाळे फेऱ्या झाल्या, छपाईच्या वेळी तुर्भ्याच्या प्रेसमध्ये रात्री उभं राहणं झालं. मी त्याला तास मोजायला लावले. १३० भरले. म्हणजे तासाला साठ-एकसष्ट रुपये, त्यातच तिकीट आणि वीजबिल. पुढचं काम आलंच नाही. मालकाला मी दोष देत नाही. त्यांनी भाव विचारला, त्यांना भाव मिळाला.

माझं उत्तर ठरलेलं आहे: ‘काम बघते, संध्याकाळपर्यंत लिहून पाठवते.’ लिहिताना पानं, मजकूर-फोटो कोणाचे, दोन करेक्शन दरात आणि तिसऱ्यापासून वेगळे पैसे, हे सगळं येतं. तेवढं थांबायची ज्याची तयारी नाही, तो पैसे देतानाही त्रास देतो.

दुसरी चूक हिशेबाची. ‘महिन्याला चाळीस हजार हवेत, भागिले तीस, म्हणजे दिवसाचे सुमारे तेराशे तेहतीस.’ अरे, रविवार आहेत, आजारपण आहे, कोटेशन बनवण्यात आणि पैशांसाठी फोन करण्यात जाणारे दिवस आहेत. एकट्याने काम करणाऱ्याने महिन्यात पैसे मिळवून देणारे चौदा-पंधरा दिवसच धरावेत. वरच्या चाळीस हजारांत सॉफ्टवेअर, इंटरनेट, लॅपटॉपची झीज असे दहा हजार मिळवा. पन्नास हजार भागिले चौदा, म्हणजे दिवसाला सुमारे ३,५७०. हा आकडा बघून नवीन मुलं घाबरतात आणि फेसबुकवरच्या कोणाचा तरी रेट उचलतात. त्याचं घरभाडं वेगळं, तुमचं वेगळं. स्वतःचा हिशेब करायला एक संध्याकाळ लागते, तेवढी द्या.

सेवा व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नसते. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू नका.

टीडीएस, म्हणजे गिऱ्हाईक बिलातून आधीच कापून सरकारकडे भरतो तो कर, कापला की पैसे बुडाले असं समजून रेट फुगवणं चूक. रिटर्न भरताना ती रक्कम करातून वजा होते, जास्तीची परत मिळते.

भाव कमी करायचाच असेल तर कामही कमी करा.

ॲडव्हान्सशिवाय फाइल उघडायची नाही. मी निम्मे घेते, नातेवाईकांकडूनही.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट आहे, तरी लोक आळस करतात. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदत चुकली तर पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत कंपनीला तो खर्च करात दाखवता येत नाही. म्हणून मी उद्यम क्रमांक प्रत्येक बिलावर छापते. मार्च जवळ आला की अकाउंट्स विभाग स्वतःहून फोन करतो.

जुन्या गिऱ्हाइकाचा रेट चालू कामाच्या मध्यात वाढवू नका. एप्रिलपासून वाढवायचा असेल तर फेब्रुवारीतच लेखी कळवा, म्हणजे त्यांना बजेटमध्ये धरता येतो.